वरून कीर्तन, आतून तमाशा

गॅलरीत बसून स्पीकरच्या स्टँडवर सागाचं व्हिनियर चिकटवत होतो. बाबा दारात येऊन थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "वरून कीर्तन, आतून तमाशा!"

खोटं नव्हतं. आत एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता, आणि वर जेमतेम अर्धा मिलिमीटर साग. तूप असो, सोनं असो की लाकूड, बाबांचा सगळा जन्म 'अस्सल' या एका शब्दावर गेलेला. पण बोलणं लागलं. कारण हा उद्योग त्यांच्यासाठीच तर चालला होता!

मुळात स्पीकरला स्टँड लागतो कशाला? पूर्वी चांगले स्पीकर कपाटाएवढे असत आणि जमिनीवरच उभे राहत. खर्ज हवा तर खोकं मोठं हवं, असं गणितच होतं. १९५४ मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी छोट्या हवाबंद खोक्यातल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला आणि ते गणित मोडलं. स्पीकर फळीवर मावू लागले. पण बारीक सूर खर्जासारखे चहूकडे पसरत नाहीत. ते देणारा ट्विटर कानाच्या पातळीत नसला, की तानपुऱ्याची जवारी हरवते. म्हणून बाबांच्या आरामखुर्चीशी टेप धरली. जमिनीपासून कान ८५ सेंटिमीटर, स्पीकरच्या तळापासून ट्विटर २५. स्टँड झाला ६० सेंटिमीटरचा. हलू नये म्हणून पोटात कोरडी वाळू भरली.

राहिला प्रश्न तमाशाचा. मग व्हिनियरची कुळकथा शोधत बसलो.

इजिप्तमध्ये थीब्जला रेखमिरे नावाच्या वजिराचं थडगं आहे, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं. त्यातल्या भिंतीचित्रात सुतार हेच काम करताहेत, आणि विस्तवावर सरसाचं भांडं आहे! त्या देशात चांगल्या लाकडाची वानवा. सीडर लेबनॉनहून यायचा, आबनूस दक्षिणेकडून. एवढ्या लांबून आलेल्या लाकडाची पातळ पापुद्री काढून ती पुरवून वापरणं ही फसवणूक नव्हती, काटकसर होती.

बाबांना जोडीदार भेटला तो पहिल्या शतकातल्या रोममध्ये. प्लिनीची तक्रार अशी, की हलक्या लाकडावर भारी लाकडाची साल चढवतात, म्हणजे एकच झाड पुन्हा पुन्हा विकता येतं.

पुढे १८०६ मध्ये मार्क ब्रुनेल यांनी इंग्लंडमध्ये व्हिनियर कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. जे हाताच्या करवतीने मोठ्या कष्टाने निघे, ते यंत्रावर भराभर निघू लागलं. स्वस्त झालं आणि नाव खराब झालं. १८६४-६५ मध्ये डिकन्सने 'अवर म्युच्युअल फ्रेंड' लिहिली, तेव्हा त्यातल्या दिखाऊ नवश्रीमंत जोडप्याचं आडनावच 'व्हिनियरिंग' ठेवलं. गंमत बघा, महाग होतं तोवर ती कारागिरी. शेजाऱ्याला परवडायला लागलं की ढोंग!

हे सगळं बाबांना ऐकवलं. ते ढिम्म. "आजोबांचा मर्फी बघ," म्हणाले. "त्याला म्हणतात लाकूड."

आमच्याकडे मर्फीचा व्हॉल्व्हचा रेडिओ आहे. बंद पडून कितीतरी वर्षं झाली, तरी बाबा तो रोज पुसतात. दर बुधवारी त्यावर बिनाका गीतमाला ऐकलेली. मागे एकदा धूळ काढायला त्याचं पाठचं झाकण उघडलं होतं, तेव्हाच मला दिसलं होतं: कडेला प्लायवूडचे थर, आणि वर व्हिनियर. तेव्हा बोललो नव्हतो. आता मात्र तोंडातून निघून गेलं.

बाबा काही बोलले नाहीत. रेडिओपाशी गेले, चष्मा लावून मागून वाकून पाहिलं. मला वाटलं, चूक केली. पंचवीस-तीस वर्षं पुसलेली एक गोष्ट आपण हकनाक खरवडली.

रात्री बाहेर आलो तर ते गॅलरीत होते. स्टँडच्या कोपऱ्यावरून, जिथे दोन पापुद्रे मिळतात तिथे, अंगठा फिरवत होते.

"पावसाळ्यात फुगा येईल का रे?"

"येईलही. आला तर ब्लेडने बारीक चीर द्यायची, सिरिंजने आत फेव्हिकॉल सोडायचा आणि वजन ठेवायचं."

"हं," म्हणाले. "मग मर्फीचा उजवा कोपरा सुटलाय, तोही बघ एकदा."