दंड : एका काठीचा प्रवास

दंड म्हणजे मुळात काठी. आज मराठीत हा अर्थ जवळजवळ पुसला गेला आहे. आपण दंड भरतो, दंड थोपटतो, दंड-बैठका काढतो, देवापुढे काठीसारखे आडवे पडून दंडवत घालतो. पण हातात घेतो तो दांडा किंवा दांडके. खरा दंड उरला तो मुंजीत, बटूच्या हातातला पळसाचा.

त्या दंडाची उंचीही ठरलेली होती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायानुसार ब्राह्मणाचा दंड केसांपर्यंत, क्षत्रियाचा कपाळापर्यंत, वैश्याचा नाकापर्यंत. शूद्राला उपनयनच नाही, तेव्हा दंडही नाही. आठव्या अध्यायात मात्र तो त्याला भेटतो. ब्राह्मणाने शूद्राला अपशब्द वापरले तर दंड बारा पण. शूद्राने ब्राह्मणाला वापरले तर थेट शारीरिक शिक्षा. हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचले, की एकाच शब्दाच्या दोन अर्थांत समाजाची सारी उतरंड दिसते, असे मला वाटते.

कौटिल्याने राज्याच्या सात अंगांत सैन्याला ‘दंड’ म्हटले, आणि चार हात लांबीच्या मापालाही. मारणारी काठी आणि मोजणारी काठी यांना नाव एकच. आपल्याकडे शिवकाळात जमीन मोजली ती काठीनेच : सभासद सांगतो त्याप्रमाणे पाच हात, पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरस-चौरस म्हणजे बिघा, एकशेवीस बिघ्यांचा चावर. काठीचे माप असे नेमून देणे ही किरकोळ बाब नव्हती. काठी चार बोटे आखूड झाली की तेच शेत कागदावर मोठे होते, आणि सारा त्याच मापाने वाढतो. पेशवाईच्या कागदांत आजच्या अर्थाच्या दंडाला बहुधा ‘गुन्हेगारी’ म्हणत. आणि वाद जिंकणाऱ्यालाही सरकारात ‘हरकी’ भरावी लागे. हरणारा देई, जिंकणाराही देई!

नीतिशास्त्रकारांच्या गावीही नसलेला एक अर्थ मी लहानपणी घरातल्या बायकांच्या तोंडी ऐकला. लुगडे मध्येच विरले, की विरलेला भाग कापून टाकायचा आणि दोन्हीकडचे धड तुकडे एकमेकांना शिवायचे. याला म्हणत दंड घालणे. दंड घातलेले लुगडे आणखी वर्षभर सहज निघे.