न्हावऱ्याचा अर्धा ‘र’

शिरूर तालुक्यातल्या न्हावरे गावाचं नाव जरा चालवून बघा. न्हावऱ्याला, न्हावऱ्याहून. त्यातला तो कोरीसारखा अर्धा ‘र’ हिंदीला लागत नाही, आपल्याला लागतो. दक्षिणा ‘आचार्यांना’ द्यायची की ‘आचाऱ्यांना’, हे त्याच्यावरच ठरतं! आज तो न्हावऱ्याहून कुठल्याही कंपनीच्या फोनवर पाठवा, तसाच उमटतो.

नव्वदच्या दशकात मराठी डीटीपीमध्ये प्रत्येक कंपनीच्या फाँटची मांडणी वेगळी असायची. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले. समोरच्याकडे तोच फाँट नसला, की मजकुराची इंग्रजी खिचडी. कंपनीला ते सोयीचंच होतं. गिऱ्हाईक आपला मजकूर घेऊन जाणार कुठे?

‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१ साली आलं. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरी १९८८ च्या इस्कीवरच बेतलेली. युनिकोडभोवती अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम असे एकमेकांचे स्पर्धक जमले. हे काही दानधर्म करायला बसले नव्हते. ‘क’चा क्रमांक ०९१५, एवढं सगळ्यांनी मान्य केलं की एकच प्रोग्रॅम जगभरच्या भाषांत विकता येतो, आणि तो ‘क’ पडद्यावर काढणारा कोड मात्र कुणाला दाखवावा लागत नाही. मानक खुलं, सोर्स कोड कुलपात. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० सोबत ‘मंगल’ फाँट दिला, विंडोजचा कोड नाही दिला.

मग ओपन सोर्स कशाला हवं? मानक फक्त क्रमांक ठरवतं, अक्षराचं वळण फाँट ठरवतो. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचे. बंद फाँटमध्ये हिंदी ‘ल’ आला तर कंपनीला विनवायचं आणि वाट बघायची. रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला ‘लोहित’ असेल, तर जाणकाराला तो स्वतः दुरुस्त करता येतो.

तरी दोन्हींतलं एकच मिळणार असेल, तर मी मानक घेईन. परक्या वळणाचा ‘ल’ वाचता तरी येतो. जुन्या फाँटमधल्या फायली आजही कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतात, आणि मग ओळ न् ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. मी तेव्हा आधी अर्धा ‘र’ शोधतो.