रेड हॅटचे आयबीएमकडून अधिग्रहण

रेड हॅट ही मुक्त स्रोत सॉफ्टवेअर विकसित करणारी अमेरिकी कंपनी आयबीएमने सुमारे ३,४०० कोटी अमेरिकी डॉलरना विकत घेतली. हा व्यवहार ९ जुलै २०१९ रोजी पूर्ण झाला. मुक्त स्रोत क्षेत्रातील तोपर्यंतचे हे सर्वांत मोठे अधिग्रहण होते. रेड हॅटचे एक प्रमुख अभियांत्रिकी केंद्र पुण्यात असून देवनागरीसह अनेक भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ टंक याच कंपनीने प्रसिद्ध केले आहेत. त्यामुळे संगणकावरील मराठीच्या दृष्टीनेही या व्यवहाराला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

रेड हॅटची स्थापना १९९३ मध्ये झाली. तिचे मुख्यालय नॉर्थ कॅरोलायना राज्यातील रॅले येथे आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये तिच्या समभागांची विक्री खुली झाली. लिनक्सवर आधारित कार्यप्रणाली हे तिचे मुख्य उत्पादन. या प्रणालीचा स्रोत मुक्त असल्याने कंपनी प्रतींची किंमत घेत नाही; तपासून प्रमाणित केलेली आवृत्ती, सुरक्षाविषयक दुरुस्त्या आणि अनेक वर्षांचे तांत्रिक साहाय्य यांसाठी ग्राहक वार्षिक वर्गणी भरतात. या पद्धतीने २०१२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात १०० कोटी डॉलरहून अधिक महसूल मिळवणारी ती पहिली मुक्त स्रोत कंपनी ठरली.

रेड हॅट स्वतःही इतर कंपन्या विकत घेत असे. जेबॉस (२००६), क्युमरानेट (२००८), ग्लस्टर (२०११) आणि अँसिबल (२०१५) ही त्यांतील काही नावे. क्युमरानेटचा ‘स्पाइस’ हा बंदिस्त असलेला भाग रेड हॅटने खरेदीनंतर मुक्त केला. अधिग्रहणामुळे मुक्त असलेले बंद होते, असा सरसकट समज आहे. हे उदाहरण त्याच्या नेमके उलट आहे.

व्यवहार

आयबीएमने २८ ऑक्टोबर २०१८ रोजी खरेदीची घोषणा केली. प्रतिसमभाग १९० डॉलर रोख असा भाव ठरला. तो आधीच्या बाजारभावापेक्षा सुमारे ६३ टक्के जास्त होता. अमेरिका आणि युरोपीय संघ येथील नियामकांच्या मंजुरीनंतर रेड हॅट आयबीएमचा स्वतंत्र विभाग बनली. नाव, बोधचिन्ह आणि मुख्यालय कायम राहिले. या खरेदीचा पुरस्कार करणारे भारतीय वंशाचे अरविंद कृष्णा एप्रिल २०२० मध्ये आयबीएमचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.

खरेदीतून मालकाकडे काय येते

स्रोत कोणालाही विनामूल्य मिळत असताना त्यासाठी इतकी रक्कम का मोजली, हा प्रश्न स्वाभाविक आहे. आयबीएमला मिळाले ते व्यापारचिन्ह, ग्राहकांशी झालेले करार, अनुभवी अभियंते आणि अद्ययावत आवृत्त्या पुरवण्याची यंत्रणा. लिनक्सच्या गाभ्याचे स्वामित्वहक्क मात्र हजारो लेखकांमध्ये विखुरलेले आहेत. ते कोणा एका कंपनीकडे नसल्याने तिच्या विक्रीबरोबर ते हस्तांतरित होत नाहीत.

मायएसक्यूएल या विदागार प्रणालीची स्थिती वेगळी होती. तिचे स्वामित्वहक्क एकाच कंपनीकडे एकवटलेले होते. ती कंपनी सन मायक्रोसिस्टिम्सने २००८ मध्ये सुमारे १०० कोटी डॉलरना घेतली आणि जानेवारी २०१० मध्ये खुद्द सन ओरॅकलच्या मालकीची झाली. ओरॅकल स्वतः बंदिस्त विदागार प्रणाली विकत असल्याने युरोपीय आयोगाने या व्यवहाराची विशेष चौकशी केली. मायएसक्यूएलचे एक जनक मायकेल विडेनियस यांनी त्याच स्रोतावरून मारियाडीबी ही वेगळी शाखा सुरू केली. विकिमीडियाने २०१३ मध्ये आपले प्रकल्प तिच्यावर हलवण्यास प्रारंभ केला. मराठी विकिपीडियाची पानेही आज मारियाडीबीमध्येच साठवलेली असतात. ओपनऑफिसच्या स्वयंसेवकांनी सप्टेंबर २०१० मध्ये स्वतंत्र होऊन सुरू केलेले लिबरऑफिस हेही याच अधिग्रहणाचे अपत्य.

सेंटओएस प्रकरण

रेड हॅटच्या कार्यप्रणालीचा स्रोत वापरून तयार होणारी सेंटओएस ही विनामूल्य प्रणाली महाविद्यालये, संशोधन संस्था आणि लहान उद्योगांमध्ये लोकप्रिय होती. २०१४ मध्ये हा प्रकल्प रेड हॅटच्या छत्राखाली आला. ८ डिसेंबर २०२० रोजी कंपनीने सेंटओएस ८ चा आधार २०२९ ऐवजी २०२१ अखेरीसच थांबवण्याचे जाहीर केले. मुदतीवर विसंबून संगणक मांडणाऱ्यांना सात वर्षांहून अधिक काळ आधीच पर्याय शोधावा लागला. रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे पर्याय त्यातूनच उभे राहिले. जून २०२३ मध्ये रेड हॅटने आपल्या मुख्य उत्पादनाचा नेमका स्रोत सर्वांना देणे थांबवून तो ग्राहकांपुरता ठेवला. सर्वसामान्यांसाठी सेंटओएस स्ट्रीम हा प्रवाह खुला राहिला. ग्राहकाला स्रोत दिला की जीपीएल परवान्याची अट पूर्ण होते, ही कंपनीची भूमिका. टीकाकारांच्या मते यात परवान्याचे शब्द पाळले गेले, आशय नाही.

पुणे आणि लोहित टंक

‘लोहित’ म्हणजे तांबडा; कंपनीच्या नावातील ‘रेड’चा हा संस्कृत पडसाद. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीकडून आलेले हे टंक रेड हॅटने २००४ मध्ये जीपीएल परवान्याखाली प्रसिद्ध केले. युनिकोड मराठी तेव्हा बाल्यावस्थेत होती. विनामूल्य आणि कायदेशीररीत्या वाटता येणारे देवनागरी टंक मोजकेच होते, म्हणून लिनक्सवर मराठी वाचणाऱ्यांना लोहितचा मोठा आधार झाला. पुढे डेबियन, उबुंटू या इतर वितरणांनीही तो स्वीकारला.

मराठीची गरज हिंदीहून काहीशी निराळी आहे. मराठीत पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ रूढ आहेत, तर ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांत अर्ध्या ‘र’चे खास रूप लागते. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानेही वर्णांची मराठी वळणे निश्चित केली. लोहितमध्ये मराठी, हिंदी, कोकणी यांसाठी आधी वेगवेगळे टंक होते. नंतर ते ‘लोहित देवनागरी’ या एकाच टंकात सामावण्यात आले.

सप्टेंबर २०११ मध्ये या टंकांना एसआयएल मुक्त टंक परवाना लागू झाला. आयबीएमच्या खरेदीच्या आठ वर्षे आधी झालेला हा बदल निर्णायक म्हणावा लागेल, कारण प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीचा परवाना नव्या मालकाला मागे घेता येत नाही. परभणी जिल्ह्यातील सेलू किंवा जिंतूरच्या विद्यार्थ्याला लोहित देवनागरी उतरवून घेण्यासाठी अथवा त्यातील एखाद्या अक्षराचे वळण बदलण्यासाठी रेड हॅटची वा आयबीएमची परवानगी लागत नाही. बदललेला टंक प्रसिद्ध करायचा झाल्यास तो त्याच परवान्याखाली द्यावा लागतो, एवढेच. देखभालीचे मात्र तसे नाही: जोडाक्षरातील दोष कोणी दुरुस्त करावा आणि पगारी अभियंत्यांचा वेळ कोठे खर्च व्हावा, हे कंपनीच ठरवते.

नंतरचे व्यवहार

आयबीएमने फेब्रुवारी २०२५ मध्ये हॅशिकॉर्प ही कंपनी ६४० कोटी डॉलरना घेतली. तिने विक्रीपूर्वीच, ऑगस्ट २०२३ मध्ये, टेराफॉर्म या साधनाचा मुक्त परवाना बदलून व्यावसायिक निर्बंध घातले होते. योगदान देणाऱ्यांनी कंपनीशी आधीच करार केलेले असल्याने तिला हा बदल एकतर्फी करता आला. जुन्या मुक्त आवृत्तीवरून सुरू झालेली ओपनटोफू ही शाखा लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने विकसित होत आहे.