नादाची निवड

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात की-बोर्ड वाजवणारा विद्यार्थी गाण्यापूर्वी एक क्रमांक दाबतो आणि सतारीसारखे काही वाजू लागते. या क्रमांकाचा इतिहास केवळ यंत्रांचा नाही. संकलन कोणी करायचे, नाव कोणी द्यायचे, निवडणाऱ्याला निर्माता म्हणायचे की नाही, हे आपल्या परिचयाचे प्रश्न तेथेही उपस्थित होतात.

रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये घडवलेल्या सिंथेसायझरमध्ये आवाज ‘निवडता’ येत नसे, तो जुळवावा लागे. यंत्राचे सुटे घटक तारांनी एकमेकांस जोडायचे आणि खुंट्या पिळत हवा तो नाद शोधायचा. या जोडणीच्या तारांवरूनच आवाजाला ‘पॅच’ हे नाव पडले. तारा गेल्या तरी शब्द राहिला. सापडलेला नाद जपायचा तर खुंट्यांच्या जागा कागदावर टिपून ठेवणे एवढाच उपाय होता. १९७० च्या मिनीमूगने तारा यंत्राच्या पोटात घेतल्या, पण स्मरणशक्ती त्यालाही नव्हती.

ती आली १९७८ मध्ये, डेव्ह स्मिथ यांच्या ‘प्रॉफेट-५’ या वाद्याबरोबर. त्यातील सूक्ष्मप्रक्रियक प्रत्येक खुंटीची स्थिती अंकांत नोंदवून ठेवी आणि बटण दाबताच त्या अंकांवरून आवाज पुन्हा उभा करी. असे चाळीस आवाज त्यात मावत. गंमत अशी, की बटण दाबल्यावर नाद बदले, खुंट्या मात्र जागच्या जागी राहत. डोळ्यांना दिसणारी रचना आणि कानांवर पडणारा नाद यांची येथे फारकत झाली. माझ्या मते या इतिहासातील खरा सांधा हाच. त्या काळात आवाजांचा संच साध्या कॅसेटवर उतरवून ठेवण्याची सोयही आली. आवाजाचे अंक कर्कश सुरांच्या रूपात फितीवर जात. म्हणजे नाद साठवायलाही नादच! फितीवरून संच परत भरला, की स्मृतीत आधी असलेले पुसले जाई.

मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा रागांची ध्वनिमुद्रिका काढली ती रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि मींडेला सरावलेल्या कानाला तिचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा ही मुद्रिका दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर तिचा जगभर बोलबाला झाला.

१९८३ चे यामाहाचे डीएक्स-७ आले आणि पारडे निवडीकडे झुकले. जॉन चाउनिंग यांच्या संशोधनावर आधारलेली त्याची नादनिर्मिती विलक्षण होती, पण समजायला अवघड. खुंट्यांची रांग गेली. बटणे, एक सरकपट्टी आणि दोन ओळींचा चिमुकला पडदा एवढेच उरले. बहुसंख्य वादकांनी आवाज घडवण्याचा नाद सोडला आणि तयार बत्तीसांतून निवड केली. अधिक हवे असतील तर काडतूस खोचायचे. त्यातले आवाज वाद्याच्या स्मृतीत भरायचे तर आधी स्मृतीचे संरक्षण काढायचे, मग जुने बत्तीस जाऊन नवे बत्तीस येत. हा सारा ऐवज अवघ्या ४,०९६ बाइटांचा! कारखान्यातून येणाऱ्या संचात अकराव्या क्रमांकावर ‘ई. पियानो १’ होता. ऐंशीच्या दशकातील कितीतरी प्रेमगीतांत तो ऐकू येतो. हे मूळ आवाज घडवणाऱ्यांत डेव्हिड ब्रिस्टो आणि गॅरी लॉएनबर्गर होते, पण गाणी ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ही नावे ठाऊक असतील? अनामिक कर्तृत्वाची चर्चा आपण ओव्यांच्या संदर्भात करतो. ती येथेही करायला हरकत नसावी.

त्याच वर्षी आलेल्या ‘मिडी’ संकेतपद्धतीने एका वाद्याला दुसऱ्या वाद्यावरचा आवाज क्रमांकाने बदलता येऊ लागला. पण क्रमांक एकच असला तरी प्रत्येक कंपनीचा आवाज वेगळा. म्हणून १९९१ मध्ये ‘जनरल मिडी’ ही १२८ वाद्यांची सामाईक यादी ठरली. पहिला क्रमांक अर्थातच पियानोचा. सतार १०५ वर आणि शहनाई ११२ वर. दोन्ही बँजो, कोटो, बॅगपाइप यांच्यासह ‘वांशिक’ या गटात. तबला यादीत नाहीच, तालवाद्यांच्या स्वतंत्र तक्त्यातही नाही. पियानोला मात्र कोणी वांशिक म्हटले नाही. अभ्यासक्रम-समितीवर बसलेल्या कोणालाही ही मांडणी ओळखीची वाटेल.

शिवाय यादी एकपासून मोजते, तर तारेतून जाणारा संदेश शून्यापासून. सतार हवी असेल तर प्रत्यक्षात १०४ पाठवावा लागतो. आमच्याकडे तालमीत एका विद्यार्थ्याने संगणकावरून सरळ १०५ पाठवला आणि भैरवीच्या आलापीत बँजो वाजला. मुले हसली, आणि त्यांनी तोच ठेवला.