युकाची करवली नेमकी कोणती?

फुलपाखरे ओळखायला मुले चटकन शिकतात, कारण पंखांवर नक्षी असते. पण पंख पसरून जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर भरणारा, नक्षीच नसलेला पांढरा पतंग ओळखायचा कसा?

१८७२ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे जॉर्ज एंगेलमान हे डॉक्टर व वनस्पतीशास्त्रज्ञ युकाच्या फुलांचा अभ्यास करत होते. पुंकेसर आखूड, पराग चिकट, कुक्षी खोलगट. मग परागण होते कसे? फुलांत पांढरे पतंग दिसत. एंगेलमान यांनी ते मिसूरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स रायली यांच्या लक्षात आणून दिले. रायलींनी पाहिले ते नवलाचे होते. मादी तोंडाजवळच्या वाकड्या शुंडकांनी परागाचा गोळा करते, दुसऱ्या फुलाच्या अंडाशयात अंडे घालते आणि मग पराग कुक्षीत चक्क दाबून भरते. अळ्या थोड्या बिया खातात, उरलेल्या झाडाला मिळतात. (मधासाठी आलेल्या कीटकाला पराग चुकून चिकटतात, हे आपण वर्गात शिकवतो. इथे चुकून काहीच नाही!) रायलींनी या पतंगाच्या प्रजातीला ‘प्रोन्यूबा’, म्हणजे नवरीची करवली, असे नाव दिले. ते नाव आधीच एका भुंगेऱ्याला दिलेले असल्याने पुढे ‘टेजेटिक्युला’ रूढ झाले.

पण इतरांनी युकावरचे पांढरे पतंग तपासले, तर काहींच्या मादीला शुंडके नव्हतीच. मग रायलींचे निरीक्षणच खोटे? १८८० मध्ये रायलींनी उलगडा केला: युकावर दोन पतंग राहतात. दुसरा परागण करत नाही. त्याच्या अळ्या फुलांच्या दांड्यात वाढतात. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘प्रोडॉक्सस डेसिपिएन्स’. डेसिपिएन्स म्हणजे फसवणारा. तेव्हा पंख नव्हे, मादीचे तोंड पाहा, अशी खूण ठरली.

खूण सोपी होती. पुढे तीच अपुरी पडली. १८८१ मध्ये रायलींनीच ‘इंटरमीडियस’, म्हणजे मधला, असा एक पतंग वर्णिला आणि शुंडके नसल्याने त्याला प्रोडॉक्ससमध्ये टाकले. १९९९ मध्ये ओले पेल्मिर यांनी ‘युकासेला’ या एका नावाखालचे पतंग पुन्हा तपासले, तेव्हा त्यात तब्बल तेरा जाती निघाल्या. त्यांतील दोन परागण करतच नाहीत. इतरांनी फुलवलेल्या संसारात, तयार फळांत, त्या अंडी घालतात. रायलींचा ‘मधला’ त्यांपैकीच एक, आणि तो टेजेटिक्युलाच ठरला.

आपल्याकडे बागेत शोभेसाठी युका लावतात. फुलोरा भरघोस येतो, फळ मात्र सहसा धरत नाही. शाळेच्या आवारात युका असेल तर मुलांना कारण विचारून पाहा.