मुखकर्करोगाचा माग काढणारा लेसरकिरण

गालाच्या आतील बाजूस उमटलेला पांढरा चट्टा बहुधा दुखत नाही, म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. जालना जिल्ह्यातील वडीगोद्रीसारख्या गावात असा चट्टा संशयास्पद वाटला, तरी तुकडा काढून तपासण्यासाठी सामान्यतः जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. त्यातच, चट्टा मोठा असल्यास तुकडा नेमका कोठून घ्यावा, हा प्रश्न उरतोच. याच टप्प्यावर लेसर साहाय्यक ठरू शकतो.

सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये कोलकात्यात लावलेला शोध या तंत्राच्या मुळाशी आहे. पेशींवर एकाच तरंगलांबीचा प्रकाश टाकल्यास त्यातील अत्यल्प अंश, सुमारे एक कोटी कणांत एखादा, बदललेल्या तरंगलांबीने परततो. हा बदल पेशीतील रेणूंच्या कंपनांवर अवलंबून असतो. १९६० मध्ये लेसर अस्तित्वात आल्यावर या क्षीण संकेताच्या अभ्यासाला गती मिळाली.

नवी मुंबईतील खारघर येथील 'अ‍ॅक्ट्रेक' या टाटा मेमोरियल केंद्राच्या संस्थेत डॉ. मुरली कृष्ण यांच्या चमूने हे तंत्र मुखकर्करोगासाठी वापरून पाहिले. ७८५ नॅनोमीटरचा लेसर प्रकाशतंतूद्वारे थेट गालाच्या अस्तरावर टाकला जातो; चिरफाड करावी लागत नाही. निरोगी अस्तराच्या वर्णपटात स्निग्ध पदार्थांच्या, तर अर्बुदाच्या वर्णपटात प्रथिनांच्या खुणा ठळक दिसतात. संगणक हा फरक टिपतो.

इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने प्रतिदीप्तीचा मार्ग चोखाळला. विशिष्ट प्रकाश पडताच ऊती स्वतः मंद उजळतात. रोगग्रस्त ऊतींची ही उजळण निराळी असते. १९९१ मध्ये प्रथम मांडलेले प्रकाशीय छेदचित्रण तर ऊतींच्या एक-दोन मिलिमीटर खोलीपर्यंतचे थर दाखवते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. लेसर खोलवर पोहोचत नाही. सूज असल्यास किंवा तंबाखूमुळे अस्तर आधीच बदलले असल्यास निष्कर्ष फसू शकतो. त्यामुळे अंतिम पुरावा आजही बायोप्सीच आहे.

महाराष्ट्रातील गरज मात्र मोठी आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करत होते. गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी तंबाखूची सवय सुटली नाही.

उपकरण गावात पोहोचेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. केरळमध्ये १९९६ पासून झालेल्या चाचणीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी केवळ नजरेने तोंड तपासले. तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी घटले. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड उघडण्यास होणारा त्रास, यांपैकी काहीही आढळल्यास तातडीने डॉक्टरांकडे जाणे, हाच आजचा खात्रीचा मार्ग आहे.