चवदार तळ्याचा निवाडा : आपण जिंकलो ते काय?

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, मागाहून सनातन्यांनी पंचगव्य ओतून ते तळे 'शुद्ध' करून घेतले, हे आपली पोरेसुद्धा सांगतात. पण तेच पाणी पुढे दहा वर्षे कोर्टात अडून राहिले, ते फारसे कोणी सांगत नाही. मी वकील नाही. तरी मुंबई हायकोर्टाचा निवाडा वाचला आणि एक प्रश्न मनातून जाईना. तिथे आपण जिंकलो ते नेमके काय?

तळे नगरपालिकेने १९२४ सालीच ठराव करून खुले केले होते. ठराव कागदावर राहिला. सत्याग्रहानंतर, १२ डिसेंबर १९२७ ला, महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब व त्यांच्या सहकाऱ्यांवर दिवाणी दावा लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. त्याच महिन्यात परिषदेला हजारो माणसे तळ्यात उतरायच्या तयारीने आली होती. बाबासाहेबांनी त्यांना थांबवले. मनुस्मृती जाळली, पण कोर्टाचा हुकूम पाळला. हे थांबणे किती जड गेले असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो.

मनाई १९२८ च्या फेब्रुवारीत उठली. दावा मात्र रेंगाळला. १९३१ ला महाडच्या कोर्टात, १९३३ ला ठाण्यास अपिलात आणि १७ मार्च १९३७ ला हायकोर्टात वादी हरले. सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

आता निवाड्याचे पोट पाहा. वाद्यांचे म्हणणे असे की, अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचे नाही ही अनादि काळापासूनची वहिवाट आहे. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व वाडिया यांनी म्हटले, ती अनादि असल्याचे शाबीत होत नाही. साक्षीदारांच्या आठवणीच्या काळात अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते एवढेच दिसते. एवढे मोठे नैसर्गिक तळे, भोवती सवर्णांची घरे होण्यापूर्वी कोणी कशाला कोणाला अडवले असेल? देवळांची गोष्ट निराळी, असेही कोर्टाने म्हटले. अशी रूढी न्याय्य आहे की नाही, या प्रश्नात शिरण्याची कोर्टाला गरजच पडली नाही.

म्हणजे आपण जिंकलो ते पुराव्याच्या तोकडेपणावर. वाद्यांना आणखी जुने, पक्के कागद सापडले असते तर?

माझी आजी गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून उभी राही. कोणी वरून पाणी घातले तर घरी पाणी. तिला कोर्टात उभे करून विचारले असते, "बाई, तुम्ही या विहिरीवर कधी पाणी शेंदलेत?" तर तिने खरे तेच सांगितले असते, "नाही, साहेब." आणि तिचे ते 'नाही' वाद्यांच्या बाजूचा पुरावा ठरले असते! जितका काळ अन्याय सोसला, तितका अन्याय करणाऱ्याचा हक्क पक्का. वहिवाटीच्या कायद्याची ही तऱ्हा.

ही कल्पना नव्हे. १९०८ साली कमुदीच्या देवळाच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हेच केले. शाणार, म्हणजे नाडार, लोकांना देवळाबाहेर ठेवण्याची रूढी शाबीत झाली आणि त्यांना बंदी झाली.

म्हणून संविधानाचे १३ वे कलम मला १७ व्या कलमाइतकेच मोलाचे वाटते. मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा रद्दबातल, असे सांगताना 'कायदा' या शब्दात रूढी आणि वहिवाटही धरली आहे. १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट नावानिशी आले आहेत. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याच्या १२ व्या कलमाने तर ओझे उलट बाजूला टाकले. अनुसूचित जातीच्या माणसाला अडवले, तर ते अस्पृश्यतेपायीच, असे कोर्टाने धरून चालायचे. तसे नव्हते हे आरोपीने दाखवायचे.

तरी कलम वाचणारा माणूसच असतो. कर्नाटकातल्या एका गावात दलितांना नव्या बोअरवेलचे पाणी भरू दिले नाही. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली, हायकोर्टाने आरोपींना सोडले. १९९२ साली सुप्रीम कोर्टाने ती सुटका रद्द करून शिक्षा कायम केली. बोअरवेल नवी होती. तिच्यावर अनादि वहिवाट सांगायची सोयही नव्हती.